मागे सावली नको

आम्ही सहा जण. निघायचं नोव्हेंबरात, क्योतोला.
त्याआधी तीन रविवार नागपुरातच बघायला शिका,
म्हणाल्या सुजाताबाई खोब्रागडे.
अकरा वर्षं त्यांनी ओसाकात
सुताच्या गिरणीचे हिशेब ठेवले
आणि येताना आणली फक्त एक वाटी,
जिचा काठ एका बाजूनं जरा बसलाय.

नियम एकच :
एका जागी एक फोटो,
आणि त्याआधी तासभर नुसतं बसायचं.
ढोमणे सर म्हणाले, तासभर? काहून?
कार्ड तर चौसष्ट जीबीचं आहे.

पहिला रविवार, झिरो माइल.
घोडे नको, बाई म्हणाल्या, खांबही नको,
शून्य सापडलं तर घ्या.
आम्ही बसलो. मेट्रो वरून गेली, रिकामी.
गारठ्यात उमाठे वहिनींनी पिशवीतून
तिळाच्या वड्या काढल्या, आवाज न करता,
आणि तेवढ्यात, कुणाचंच बटण दाबून व्हायच्या आत,
जे काय होतं ते होऊन गेलं.

दुसरा रविवार इतवारीत.
भांड्यांच्या ओळीत चहाची टपरी,
टवका उडालेला एक कप.
सहापैकी पाच जणांनी तोच कप काढला.
टपरीवाला शरमला.
बदलून देतो नं बाप्पा, म्हणाला,
आणि टवक्याचा कप
आमच्या डोळ्यांदेखत बादलीत फेकून
नवाकोरा समोर ठेवला.
बाई खूप वेळ हसल्या.
जपानी कशाला म्हणतात ते सांगायचं
त्या दिवशी राहूनच गेलं.

तिसरा रविवार ज्याचा त्याचा.

मी सदरमधल्या माझ्या स्टुडिओचं शटर उचललं.
दोन वर्षांनी. कुलपाला तेल घालावं लागलं.
एकेचाळीस वर्षं मी इथे
लोकांच्या मागे पांढरं काही नाही लावत आलो.
हनुवटी जरा वर. कान दिसू द्या.
हसू नका. झालं.
मॅट्रिकचा फॉर्म, रेशन कार्ड, दुबई,
लग्नासाठी मुली, पेन्शनसाठी त्याच मुली.
बाई सांगतात, दोन वस्तूंमधल्या रिकाम्या जागेला
तिकडे एक नाव आहे, एका अक्षराचं,
आपल्या आईतलं निम्मं : मा.
मी त्या जागेचे दर कॉपीला अडीच रुपये घेत होतो.

स्टूल ओढलं. पडद्यासमोर बसलो, तासभर.
पडदा पांढरा नव्हताच.
मधोमध, माणसाच्या उंचीला,
एक पिवळट गोल उमटलेला,
खोबरेल, जास्वंद, ब्रिलियंटाइन,
टेकू नका म्हटलं तरी टेकलेली हजारो डोकी.
खाली एक छोटा डाग, पोरांचा,
स्टुलावर वह्या रचून बसवलेल्या.

व्हिसासाठी सगळ्यांचे फोटो मीच काढले होते.
माझा मात्र टायमर लावून, धावत जाऊन बसून.
एजंटानं परत पाठवला :
मागे सावली आहे, चालत नाही.
जिथं, बाई म्हणतात, लोक सावलीसाठी घरं बांधतात,
त्या देशाच्या दारावर
सावली काढून ठेवावी लागते, चपलेसारखी.
मग उमाठ्यांच्या मुलीनं मोबाइलवर काढला, तो चालला.
नापास झालेला माझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेत आहे.

संध्याकाळी फुटाळ्याच्या काठावर सहा फोटो पाहिले गेले.
माझ्यावर बाई काहीच बोलल्या नाहीत.
नुसता पुढे दिला.
ढोमणे सरांनी चष्मा वर केला,
हे काय, भिंत?
पण वासनिकांची शकुंतला, जी नर्स होती मेयोत,
बोट ठेवून म्हणाली, हा डाग माझा.
एकोणऐंशी साल. दोन वेण्या.
तुम्ही म्हणाले होते टेकू नको,
आणि मी रात्रपाळीहून आले होते.

कुणी फोटो परत मागितला नाही.
तळ्यावरचा उजेड जाईपर्यंत
तो तिच्याच मांडीवर होता,
पालथा.