कलम सात

सोमवारी धोरण आलं. एकेचाळीस पानं.
वर चिठ्ठी : गुरुवारपर्यंत वेल्शमध्ये हवं, शक्यतो तोच सूर.
सूर कुठला, ते मी बराच वेळ शोधत बसले.
कर्मचाऱ्यांनी एकमेकांशी आदराने वागणे अपेक्षित आहे.
कुणाला अपेक्षित, ते इंग्रजी सांगत नाही.
आमच्याही भाषेत तसलं एक क्रियापद आहे,
कर्त्यावाचून चालणारं,
सुट्टीत जळत राहिलेल्या वर्गातल्या दिव्यासारखं.
तेच घातलं. व्याकरणात चूक नाही.

आदर म्हणजे पार्ख.
लहानपणी चॅपेलच्या फलकावर पाद्रीबाबांच्या नावाआधी
हाच शब्द असायचा, पुढे टिंब देऊन.
पार्ख. इल्टुड. मग ते वारले, मग पार्ख. एमरिस.
मला वाटायचं, हे दोघे भाऊ.

कलम तीन, आवाज चढवणे.
कलम चार, पत्रव्यवहारात ठळक अक्षरं.
कलम पाच, फ्रिजमधलं दुसऱ्याचं दूध : यावर दीड पान,
कुणीतरी फार मनापासून लिहिलेलं.

आणि कलम सात :
प्रसंग घडताना जवळ उभ्या असलेल्या व्यक्तीचं कर्तव्य.
इंग्रजीत त्या व्यक्तीला एक शब्द पुरतो.
मी तिथे अडले.
बाजूला उभी, म्हणू?
की बाजूने उभी?
एवढासा फरक. चहा गार झाला.
खिडकीबाहेर समुद्र धक्क्याच्या फळ्यांखाली
येत होता, जात होता, कुणाची बाजू न घेता.

दोन वर्षांपूर्वी भूगोलाची वेळापत्रकं नेस्टा लावायची.
एक खोली दोघांना दिली गेली, एवढंच झालं होतं.
प्राध्यापक हॅविलंड तिच्या टेबलाशी
अकरा मिनिटं बोलत होते. बोलत, असं अहवालात आलं.
अकरा, कारण मी घड्याळ बघत होते.
तेवढं मात्र मी बघितलं.
ती वहीच्या कडेला बोट फिरवत उभी होती,
आणि मजल्यावरची दारं एकेक करून मिटली,
हलक्या हाताने, आवाज न करता,
इतक्या सभ्यपणे की कुठल्याही धोरणाने शाबासकी द्यावी.
तिसरं माझं.

चौकशीत मीही मूग गिळले.
मी छपाईच्या यंत्रापाशी होते, म्हणाले.
होतेही. यंत्र बंद होतं.
दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलावर बारा ब्रिथचा तुकडा ठेवला,
घरी केलेला, मनुका जरा जास्तच,
कागदात गुंडाळून. नाव लिहिलं नाही.
ईस्टरनंतर ती आली नाही.

गुरुवारी मी मसुदा पाठवला. बाजूने.
तपासनीस मेलिरचं उत्तर तासाभरात :
मुळापेक्षा थोडं जास्त होतंय का हे?
होतंय, मी लिहिलं.
पुढे त्याने काही विचारलं नाही, म्हणजे
कदाचित वाचलंच नसेल.

शनिवारी बस धरून बोर्थला गेले.
तिथल्या टपाल कचेरीत ती असते, ऐकून होते.
काचेमागे तीच, केस कापलेले,
चष्म्याला दोरी.
एक तिकीट, मी म्हटलं, दुसऱ्या दर्जाचं.
तिने मान वर केली.
'केक चांगला होता,' ती म्हणाली.
कसं कळलं, ते मी विचारायच्या आत :
'तुझं दार चिकटतं ना अजून?
लावताना दोनदा ओढावं लागायचं.'

माझ्यामागे रांगेत पार्सल घेतलेला म्हातारा,
एक मुलगी, तिचा ओला कुत्रा.
कुत्र्याने अंग झटकलं.
'हो,' मी म्हटलं. 'मी लावलं. दोनदा ओढून.'

ती काही बोलली नाही.
ड्रॉवर उघडला, पत्रकातून एक तिकीट
घडीवर नीट दुमडून फाडलं
आणि काचेखालून सरकवलं.
पहिल्या दर्जाचं.
पैसे तिने दुसऱ्याचेच घेतले.

पाठवायला माझ्याकडे पत्र नव्हतं.