कोमट

आडनाव झोपे, आणि कायमची रात्रपाळी.
फैजपूरच्या पुढे, केळीच्या बागांना पाठ लावून बसलेल्या
आमच्या पत्र्याच्या कारखान्यात
हा विनोद आता कुणी करत नाही.

पाचशे लिटरची स्टीलची टाकी.
आत जिवाणू.
केळीच्या मुळाशी मर लागते, तिला अडवायला वाढवलेले.
काल दुपारी सोडले तेव्हा चंबूभर होते,
आता मोजायचे कुणी?

मोजतात चार सळया,
बोटभर जाड, टाकीच्या कुशीत खुपसलेल्या.
एक ऊब सांगते, एक आंबटपणा,
एक पाण्यात विरघळलेली हवा,
आणि चौथी नुसती गढूळपणा बघत बसते,
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तापीकाठी बसावं तशी.
दर पाच सेकंदांनी एक ठिपका.
ठिपक्यांची रेघ.

साक्षीला उभं करण्याआधी
आंबटाच्या सळईला मी दोन बाटल्यांत बुडवते,
साताच्या आणि चाराच्या.
खरं बोल, म्हणते.
मागच्या आठवड्यात ती थोडं खोटं बोलत होती.
फसवायचं नव्हतं तिला कुणाला,
म्हातारी झाली होती.

हवेची निळी रेघ उतरत जाते
म्हणजे आत श्वास चालू आहेत.
ती एकाएकी वर उसळली तर
नवीन पोरं खूश होतात.
मी उठते. गुळाच्या पाण्याचा व्हॉल्व्ह उघडते.
साखर संपली की हवा उरते,
कारण घेणारं कुणी नसतं.

बाहेर मे महिना.
रात्री अडीचलाही पत्रा हात लावू देत नाही.
गार पाण्याचा हौद नावालाच गार.
तांबडी रेघ सदतीसवर धरून ठेवायची,
आणि आत जे वाढतंय
त्याची स्वतःची उष्णता वेगळीच.

दोन एक्केचाळीस. लाईट गेली.
स्क्रीन गेली. ढवळणारं पातं
दोन फेऱ्या आपल्याच वेगानं फिरलं आणि थांबलं.
(यूपीएसची बॅटरी महिनाभरापासून येतेच आहे.)
अंधारातून निंबा आप्पा ओरडला,
"थांब वं बेन, जनरेटर चालू करस!"
चाळीस सेकंद. मी मनात मोजले,
थोडे घाईनं मोजले असतील.

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा
मी टाकीला तळहात लावला.
असं वाटलं, आतून कुणी
हाताकडे सरकलंय.
असं काही नसतं, मला माहीत आहे.

मग सगळं परत आलं,
पंखा, पातं, चार रेघा.
आणि स्क्रीननं
आधीचा ठिपका आणि नंतरचा ठिपका
सरळ पट्टीनं जोडून टाकला,
मध्ये काही झालंच नाही असा.

मी वही काढली. लिहिलं:
०२.४१, चाळीस सेकंद, माहिती नाही.
हाताला कोमट.

सकाळी फिरके साहेब चहाचा कप वहीवरच ठेवून म्हणाले,
"कोमट म्हणजे किती?"
मी म्हटलं, विरजण लावताना दूध असतं तेवढं.
ते हसले नाहीत.
कप उचलला, वर्तुळ उमटलं होतं ते बाहीनं पुसलं,
आणि माझ्या ओळीसमोर पेन्सिलीनं
सदतीस लिहिलं,
पुढे बारीकसं प्रश्नचिन्ह.