बाण वर, बाण खाली

म्हापशात, बेकरीच्या माळ्यावर
मिस अर्मेलिंदा फळ्यावर बाण काढायच्या.
टी वर, कॉफी वर, ऑर ज्यूस खाली.
यादी संपली की आवाजानं बसायचं,
नाहीतर गेस्ट उगाच पुढच्याची वाट बघतो.

मी पेडण्याची. आमचं प्रत्येक वाक्य
शेवटाला जरा उचललं जातं,
टोपली डोक्यावर चढवायला
कुणी हात देतं का बघत.
'माय नेम इज शेवंती,' म्हटलं मी,
तर म्हणाल्या, 'मला काय विचारतेस?
तुझंच नाव ना गो ते?'

सॉरीला आख्खा तास दिला.
वर नेलं तर: ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा.
खाली आणलं तर: वाईट वाटलं.
दोनच अक्षरं, म्हणाल्या, पण बघून ठेवा.
आम्ही हसलो. खालून पावांचा वास येत होता,
भूक लागली होती.

कांदोळीच्या हॉटेलात माझी तिसरी रात्र.
पहाटे पावणेचारला दोनशे सहामधून फोन.
म्हातारा आवाज, सपाट,
बाण कुठेच नाही.
माय वाइफ, म्हणाले, इज नॉट वेकिंग.

मला कळलं होतं.
देवाशप्पथ, पहिल्यांदाच कळलं होतं.
पण तोंडातून सॉरी निघालं ते पेडण्याचं,
वर गेलेलं.

आणि त्यांनी,
शिस्तीतल्या माणसासारखं,
एकेक शब्द सुटा करत
ते वाक्य मला पुन्हा सांगितलं.