शब्दार्थाच्या पानावर

पुस्तक छान आहे. हे आधीच सांगते,
कारण पुढे मी तक्रारच करणार आहे.

वर्गातल्या अकरा जणींच्या हातून
बाराव्या नंबरला माझ्याकडे आलं.
कव्हरवरच्या मुलीचा फाटलेला अर्धा चेहरा
कुणीतरी चिकटपट्टीने जोडलाय, थोडा तिरका,
त्यामुळे ती आता खरी वाटते.
जनरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत वाचलं,
मग मोबाईलच्या उजेडात,
मग मोबाईलनेही मान टाकली.

दोनशे बाराव्या पानावर इबिदुन
भावाचा हात नदीत सोडून देते.
तिथे रडले. खोटं कशाला बोलू.

पण शेवटी तुम्ही शब्दार्थ दिलेत :
‘अकारा – चवळीचे तळलेले वडे.’
बाई, ती माझी न्याहारी आहे.
आबेओकुटात, पुलाच्या तोंडाशी, सकाळी सहाला,
वर्तमानपत्रात बांधलेली,
मंत्र्याच्या फोटोतून आरपार तेल.
आणि तुमच्या डोंगरावर पानोपानी बर्फ पडतो,
त्याचा अर्थ कुठेच नाही.

दुसरं, कवड्या.
तुमच्या सोळा कवड्या पडतात
आणि निळा उजेड आढ्याला भिडतो.
ओमितोला मावशीच्या पडतात तेव्हा
नुसता आवाज होतो,
सुपात चवळी ओतल्यासारखा.
मावशी मोजते. गुडघा खाजवते. पुन्हा मोजते.
मग समोरच्या बाईला विचारते,
‘नवरा घरी जेवतो का गं?’
आणि बाई रडायला लागते.
एवढंच. त्याला सैन्य लागत नाही.

तुमची येमोजा फार उंच आहे.
रागावली की पूल पाडते.
आमची बसून मासळीचे भाव ऐकते,
पोराचा ताप ऐकते,
कुणाला घाई नसते.

आता आईचं.
पास्टर बोलल्यापासून नऊ वर्षं
ती मावशीची पायरी चढलेली नाही.
बहिणीची विद्या तिच्या लेखी कवडीमोल.
परवा तिला माझ्या गादीखाली पुस्तक सापडलं.
वाटलं, चुलीत गेलं.
पहाटे पाहिलं तर उभ्या उभ्या वाचत होती,
मक्याची पेज उतू जाऊन शेगडीवर करपलेली.
मान वर न करता म्हणाली,
‘चूक लिहिलंय हिने.
नदीला आधी शिजवलेला पांढरा मका देतात,
मग हाक मारतात.’

हे तिला कुणी शिकवलं, मी विचारलं नाही.
तीही बोलली नाही.

तर बाई, दुसरा भाग लवकर काढा.
माझ्यानंतर नंबर तितिलोलाचा होता.
तिला सांगितलंय, थांब जरा,
घरात अजून एक जण वाचतंय.