पायरी सतरा

हिवराजभाऊंची वही दोनशेपानी,
कव्हरवर भाताच्या बियाण्याची जाहिरात,
आत निळ्या रिफिलनं एक्केचाळीस पायऱ्या:
वडशाची पेटी बसली तर ब्रह्मपुरीची कशी उठवायची.
मधे वैनगंगा, पुलाच्या कठड्याला आवळलेली केबल,
आणि दोन्ही तीरांवरचे तीनशे बारा ग्रामपंचायतींचे डबे,
ज्यांची नाडी या दोन पेट्या रात्रंदिवस धरून असतात.

हे आपोआप व्हायला पाहिजे, वरून सांगण्यात आलं.
भाऊ फाल्गुनात निवृत्त.
मग रात्री दोन वाजता मोटारसायकलला किक कोण मारणार?

मी एकेक पायरी स्क्रिप्टमध्ये उतरवत गेले.
पत्ता सोड. पत्ता उचल. प्रमाणपत्र जुळव.
पहिलीत जे बदललं ते दुसरीत लिही, न विसरता.
(भाऊ विसरायचे. समासात कबुली आहे, तारखेसकट.)
सोळा झाल्या. सतराव्या पायरीवर:
‘चहा मांडणे. उकळी येईपर्यंत कशालाही हात लावू नये.’

मी हसले. गाळून टाकली.
उरलेल्या चाळीस, बावीस सेकंदांत फत्ते.

मंगळवारी चाचणी. मीच केबल उपसली.
वडशाची पेटी म्हणाली, मी आहे.
ब्रह्मपुरीची म्हणाली, मीच आहे.
खोटं कुणीच बोलत नव्हतं.
एकच पत्ता, दोन घरं;
अलीकडची गावं हिचं ऐकू लागली, पलीकडची तिचं,
दोन नोंदवह्या, दोन्ही खऱ्या, एकमेकींपासून लांब चाललेल्या,
आणि पडद्यावर सगळं हिरवं.
बेशरमाच्या झुडपासारखं हिरवंगार.

भाऊ धुऱ्यावर बसून तुरीला पाणी सोडत होते.
वर न बघताच म्हणाले,
‘सतरावी गाळलीस ना, बाई?’
मग ऐकवलं:
‘मंडईचा नाटक होता आमच्या गावात.
राजाची गाडी रस्त्यात पंचर. पब्लिक कल्ला करे.
कंपनीवाल्यानं दुसऱ्याले मुकुट घालून सोडलन.
तेवढ्यात खरा आला, धावतच, सीध्धा मंचावर.
दोन राजे. दोघायलेबी संवाद पाठ.’

मग?

‘मंग का? पेटीवाला होता ना.
त्यानं एकाच्याच बोलण्याले सूर देल्लन.
ज्याले सूर भेटला, थो राजा.
दुसरा मुकाट्यानं इंगेत गेला.’
पाण्याचं तोंड फावड्यानं वळवत:
‘आन् मेला म्हनाच्या आधी वाट पाहाव लागते.
पंचर असू शकते.’

परत येऊन मी लिहिलं.
आरमोरीला एका शाळेच्या कपाटात तिसरी पेटी ठेवली, टिफिनएवढी.
ती काही चालवत नाही, काही साठवत नाही.
विचारलं तर फक्त सूर देते, एकालाच.
आणि सतराव्या जागी: थांब, एकशे साठ सेकंद.
भाऊंच्या शेगडीवर मोजून आणले होते.
शेजारी टिपेत एक शब्द, चहा.
तपासणीला आलेल्या साहेबांनी तो खोडायला सांगितला.
मी नंतर खोडेन म्हणाले.

भादव्यात पूर आला. दोन वाजून वीस मिनिटांनी
कठड्यावरून केबल गेली, अर्ध्या ओंडक्यासोबत.
सकाळी नोंद वाचली:
ठोका चुकला. ठोका चुकला. ठोका चुकला.
थांबले.
आरमोरीला विचारले.
पत्ता ब्रह्मपुरीस.
कुणाला फोन गेला नाही. कुणी किक मारली नाही.
तीनशे बारा गावांना कळलंही नाही
की रात्री त्यांची नाडी दुसऱ्या हातात गेली.

भाऊंना सांगावं म्हणून फोन लावला.
पहिल्याच रिंगला उचलला.
‘दोन वीसले जाग आली मले,’ म्हणाले,
‘गंज मांडलो, पानी टाकलो, तवा ध्यान आला
का आता आपलं काई नाई.’
मग?
‘मंग का. उकळी आली. दोन कप झाला.
एक पेलो.
दुसरा झाकून ठेवलो.’