एकास दहा

फुलोरा धरायच्या आत नात्रे कापायची आउस्मा,
नुसत्या हातांनी.
तिची कातडीच वेगळी, असं व्हिलनिस म्हणतो.
तो कोपरापर्यंत मोजे चढवतो,
तरी या खाजऱ्या पाल्याने
मनगटावर गांधी उठतातच.

येल्गावाबाहेरच्या बागेत निळं पिंप.
छपरावरून धरलेलं पाणी,
पाला तरंगू नये म्हणून वर फरशीचा तुकडा.
चौथ्या दिवशी फेस.
आठव्या दिवशी शेजारची झेन्ता
खिडकी लावून घेते
आणि दोन आठवडे बोलत नाही.

झाकणावर आउस्माच्या हातचा खडू: १:१०.

ती गेली त्या वर्षी त्याने वाचलंच नव्हतं.
तसाच ओतला काळा अर्क काकड्यांना,
सढळ हाताने, माया करावी तसा.
पानांच्या कडा जळाल्या.

आता मोजतो.
एक मग काळं, दहा मग पाणी,
ओठ हलवत.
पावसाने आकडे पुसट झाले की
खडू ओला करून गिरवतो,
तिच्याच वळणाने,
शून्याचं तोंड जरा उघडं ठेवून.

आज झेन्ता कुंपणाशी आली.
एका हाताने नाक दाबलेलं,
दुसऱ्यात रिकामी बादली.
पाणी किती घालायचं, विचारते.
तो झाकणाकडे बोट दाखवतो.