दुसरी खिडकी

नुगझार पहाटे चारला भट्टीत वाकतो,
कमरेपर्यंत, जणू विहिरीतून कुणी हाक मारलीय,
आणि गव्हाची लांबट रोटी
तापल्या भिंतीला थापून वर येतो.
सव्वीस वर्षं. भुवया पांढऱ्या.
पिठाने की वयाने, हे विचारणं मी सोडलंय.

लिलेच्या रक्ताचा कागद आला तेव्हा ती सहाची होती,
आणि फ्रॉक चार वर्षांच्या मुलीचा.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गहू बंद. बार्ली बंद. राय बंद.
कधीपर्यंत, असं आम्ही दोघांनी एकदमच विचारलं.
नुगझारने हातातली टोपी चुरगळली
आणि दवाखान्याच्या काळ्या फरशीवर
थोडं पीठ सांडलं.

तेव्हापासून तो अंगणातल्या नळावर आंघोळ करतो,
जानेवारीतसुद्धा.
कपडे बाहेरच दोरीवर, मग मुलीला जवळ घेणं.
अवलाबारीची अख्खी गल्ली हसली:
पाववाल्याच्या घरात पावाचं सोवळं!

सासूबाई आल्या सामेग्रेलोहून, मांडीवर राळ्याची पिशवी घेऊन.
आमच्याकडे मुळात हेच शिजायचं, म्हणाल्या,
मका यायच्याही आधी.
मग गहू परवडू लागला
आणि राळा आम्ही कोंबड्यांना घातला.
हे सांगताना त्या हसल्या नाहीत.

मी मागची खिडकी उघडली.
वेगळी परात, वेगळा झाडू, वेगळं मीठसुद्धा.
मातीच्या तव्यांत मक्याची म्चादी, तांदळाचा केक,
कुट्टूचा पाव, विटेसारखा.
पहिल्या महिन्यात गिऱ्हाईक एकच, लिले.
बटणं मोजून द्यायची.

मग हास्मिक आली, कोपऱ्यावरची शिंपीण,
आवाज खाली करून:
आमच्या आर्मेनियनांत हे नसतं हं, पण चार दे.
मुलाच्या लग्नात सुनेच्या खांद्यावर लवाश ठेवला तिने,
ठेवला, आणि मग साबणाने हात धुतले.
मार्नेउलीहून सेविल, दोन गाड्या बदलून, नवऱ्याच्या पोटासाठी:
आम्हा अझेरींत हे नसतं.
यझिदी थमूरकाका नातवाचा हात धरून:
आमच्यात तर कधीच नव्हतं.
सगळे एकाच रांगेत उभे,
एकमेकांचं नसलेलं दुखणं घेऊन.

ग्लेब, पीटर्सबर्गहून आलेला, कानात यंत्र,
त्याला आजार नाही. त्याला हलकं वाटतं.
तो न विचारता दुप्पट देतो,
त्याच्या हलकेपणावर मी
त्सिसानाआजीचा पाव अर्ध्या किमतीत विकते,
हे दोघांनाही माहीत नाही.

आता रविवारी रांग गटारापलीकडे जाते.
नुगझारची रांग आखूडच झालीय थोडी.
तो बोलत नाही. मी गल्ला मोजताना
तो पाठ करून कोयता धुतो.
प्रत्येकजण आपापल्या भाषेत एकच विचारतो:
घरी नेईपर्यंत तुटणार नाही ना?
तुटेल, मी म्हणते.
धरून ठेवणारं जे होतं
तेच काढलंय.

काल लिले, आता नऊची, म्हणाली,
बाबा, माझी एक थापू तुझ्या भिंतीला?
त्याने भट्टीचा झाकणदगड सरकवला, तिच्या तोंडाला फडकं बांधलं,
कमरेला घट्ट धरलं, आणि ती वाकली.
मक्याची रोटी क्षणभर भिंतीला राहिली,
मोजला तर एक श्वास,
मग निखाऱ्यांत.

त्याने ती आकड्याने वर काढली. तीन तुकडे.
तिला ती चालणार नव्हती, त्या भट्टीत सव्वीस वर्षांचा गहू आहे.
म्हणून तो खात राहिला, उभ्यानेच,
तिन्ही तुकडे.
चव कशीय, तिने फडक्याआडून विचारलं.
राखेची, तो म्हणाला. आणि थोडी
आईच्या गावची.